माईक कोणाच्या हातात?

पहिलाच मोर्चा काढतोयस म्हणून सांगतो. परवानगीचा कागद मिळाला की पोरं निर्धास्त होतात, पण खरी काळजी टेम्पोवरच्या माईकची. सरकारच्या धोरणावर हवी तेवढी टीका कर. घोषणा एखाद्या धर्माविरुद्ध, जातीविरुद्ध, भाषेविरुद्ध द्वेष पेटवायला लागली, की भारतीय न्याय संहितेचं कलम १९६ येतं. जुने वकील त्याला अजून १५३अ च म्हणतात, जुन्या भारतीय दंड संहितेतला त्याचा नंबर. ३ वर्षांपर्यंत कैद, आणि गुन्हा दखलपात्र, म्हणजे वॉरंटशिवाय अटक. प्रार्थनास्थळात घडलं तर ५ वर्षांपर्यंत.

‘तक्रार कोण करतंय?’ या भरवशावर राहू नकोस. २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने सगळ्या राज्यांना सांगितलंय, तक्रार नसली तरी गुन्हा नोंदवा. पुढे कोर्टाने दखल घ्यायला सरकारची मंजुरी लागते खरी, पण तोवर पोलीस स्टेशनच्या चकरा तुझ्याच.

आम्ही एकदा घोषणा छापून वाटल्या होत्या. तरी चौकात एका पोराने माईक ओढून भलतंच सुरू केलं. मी सरळ ॲम्प्लिफायरची वायर उपटली. तेव्हापासून माईक दोघांच्याच हातात, आणि आपलं स्वतःचं शूटिंग, अजिबात न कापलेलं.

आणि हो, जमावबंदी लागू आहे का, ते आदल्या दिवशीच विचारून घे.