पाच-सहा जणांच्या जीवशास्त्राच्या लॅबमधला प्रयोगांचा डेटा नीट ठेवायला स्वस्तातलं कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं?

पैसे खर्च करण्याआधी ईलॅबएफटीडब्ल्यू (eLabFTW) ही इलेक्ट्रॉनिक लॅब-वही लावून बघा. मुक्तस्रोत आहे, लायसन्सला रुपयाही लागत नाही. पॅरिसच्या क्युरी इन्स्टिट्यूटमध्ये, लॅबमध्येच काम करणाऱ्या माणसाने सुरू केलेलं असल्याने त्याची रचना बेंचवरच्या कामाला धरून आहे. प्लास्मिड, अँटिबॉडी यांची नोंद एकदा करायची आणि प्रत्येक प्रयोगाला जोडायची. सहा महिन्यांनी ‘ही बाटली कुठल्या लॉटची?’ म्हणून वही उलटत बसावं लागत नाही. नोंदींवर टाइमस्टँपही (नोंद कधी झाली याचा पुरावा) घेता येतो.

मेख एकच: सर्व्हर तुमचा, त्यामुळे बॅकअपही तुम्हीच घ्यायचा. ते सर्व्हरवर बसवायला लागणारं डॉकर हे साधन हाताळणारं कुणीच नसेल तर तूर्तास सामायिक फोल्डर आणि ‘2025-03-14_वेस्टर्न_02’ अशी फाइलनावांची कडक शिस्त ठेवा. मायक्रोस्कोपच्या जड फाइली मात्र दोन्ही पर्यायांत वेगळ्या डिस्कवरच ठेवा, नोंदीत फक्त त्यांचा पत्ता लिहा.