कोकमाचं बी बियाणे बँकेत ठेवून त्याची जनुकीय विविधता जपता येईल का?

नाही, निदान भात-ज्वारीसारखी तरी नाही. रातांब्याचं, म्हणजे कोकमाच्या फळाचं, बी ओलं असतं. वाळवून गारठ्यात ठेवलं की मरतं. म्हणजे विविधता जपायची ती उभ्या झाडांतच: रानात, देवराईत, परसात. त्यात कोकमाची नर-मादी झाडं सहसा वेगळी. नराला फळ धरत नाही, म्हणून ‘वांझ’ समजून त्यावर आधी कुऱ्हाड पडते आणि परागकणच जातात. ‘कोकण अमृता’ या कोकमाच्या सुधारित जातीची कलमं उत्पन्नाला झकास, पण कलम ही एकाच झाडाची नक्कल, तेव्हा बांधावरची बियांपासून आलेली झाडं तोडू नका. फणसासारख्या काही फळांच्या बीतला गर्भ उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनात टिकवता येतो, पण ते प्रयोगशाळेतलं काम.