‘टीममध्ये तू चालत नाहीस’

“मॅडम, माझा स्वभावच बाद आहे की ओ.” एवढं बोलून तो बराच वेळ गप्प बसला.

खानापूर तालुक्यातला मुलगा, आयटीआय झालेला, बेळगावात उद्यमबागेतल्या एका मशिन शॉपमध्ये सीएनसी सेटर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशिनची मापं लावून देणारा. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.) सुपरवायझरनं सगळ्यांसमोर सुनावलं होतं, “हात चांगला आहे तुझा, पण टीममध्ये तू चालत नाहीस.” अबोल माणसांच्या मनात हे वाक्य फार खोल जातं. माझ्याकडे समुपदेशनाला ही काळजी घेऊन येणारा तो काही पहिला नव्हता.

झालं होतं असं. हायड्रॉलिक व्हॉल्व्ह बॉडीचं बोअर, म्हणजे आतलं भोक, हळूहळू लहान येत होतं. इन्सर्ट (कापणारं पातं) झिजतोय हे त्यानं ओळखलं, मशिनला ऑफसेट, म्हणजे मापातली दुरुस्ती, देऊन माप धरलं, खिशातल्या वहीत लिहूनही ठेवलं. दुसऱ्या शिफ्टवाल्याला मात्र सांगितलं नाही. रात्रीत अख्खा लॉट रिजेक्ट.

“का नाही सांगितलंस?”

“तो मोठ्यानं बोलणारा, सगळ्यांचा लाडका. मी काय सांगू त्याला?” मग खाली बघत, “आणि मीटिंग कन्नडमध्ये चालते. कळतंय सगळं, बोलायला गेलं की अडखळतोय. मागं एकदा हसलेत सगळे.”

गाठ इथं होती. ज्याला तो स्वभाव म्हणत होता, त्यात निम्मा भाग त्या हसण्याचा होता. मितभाषी असणं हा दोष नाही, आणि ते बदलायच्या भानगडीत मी पडणार नव्हते. 1991 साली बॅरिक आणि माउंट या संशोधकांनी अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा सगळ्या प्रकारच्या कामांत कामगिरीशी नातं दिसलं ते काटेकोर, जबाबदार वृत्तीचं. बोलकेपणाचा उपयोग मुख्यतः विक्री आणि व्यवस्थापनात. हे ऐकून त्याचा चेहरा उजळला.

पण दुसरी बाजूही सांगणं भाग होतं. 2010 मध्ये वुली आणि सहकाऱ्यांना आढळलं, की गटाची हुशारी त्यातल्या सगळ्यात हुशार माणसावर फारशी ठरत नाही. बोलण्याची संधी सगळ्यांना सारखी मिळते का, माणसं एकमेकांचं मन ओळखतात का, यावर ती जास्त ठरते. “म्हणजे माझी वही खिशात राहिली, तिथं चुकलं,” तो आपणहून म्हणाला.

चूक एकट्याची नव्हती, हे मी त्याला ठामपणे सांगितलं. ‘कुणाला काही सांगायचंय?’ असं मोघम विचारलं की नेहमीचे दोघे-तिघेच बोलतात. मशिनवार विचारा, अशी विनंती त्यानं सुपरवायझरला एकट्यात गाठून केली. त्याची तालीम आम्ही दोनदा केली. वही खिशातून निघून मशिनला टांगली गेली. माप किती, इन्सर्टवर किती पीस झाले, पुढं काय बघायचं, एवढीच तीन वाक्यं कन्नडमध्ये, शिफ्ट बदलताना, मशिनजवळ, दोघांतच.

दीड महिन्यानं तो आला. मीटिंगमध्ये अजून कमीच बोलतो म्हणाला. मोबाइलवर वहीच्या पानाचा फोटो दाखवला. त्याच्या मराठी नोंदीखाली कन्नड अक्षरात एक ओळ होती.

“काय लिहिलंय?”

“40 पीसला इन्सर्ट बदललाय, बोअर एकदा बघून घे म्हणतोय.”