फ्लोरिडात येण्यापूर्वी 2000 सालची निवडणूक समजून घ्या

टॅम्पाला नोकरीसाठी येताना, 2000 सालच्या अध्यक्षीय निवडणुकीची चर्चा फ्लोरिडात अजूनही का होते आणि व्हिसावर येणाऱ्या माणसाने ती का जाणून घ्यावी, असे आपण विचारले आहे. इथला कारभार कसा चालतो हे समजायला त्या निवडणुकीइतके चांगले उदाहरण नाही, असे माझे ठाम मत आहे.

राज्यातल्या जवळपास साठ लाख मतांमध्ये जॉर्ज बुश यांना ॲल गोर यांच्यापेक्षा अधिकृत निकालानुसार अवघी 537 मते जास्त पडली. तेवढ्या फरकावर राज्याची सर्व 25 निर्वाचक मते (अध्यक्ष निवडण्यासाठी प्रत्येक राज्याला ठरवून दिलेली मते) आणि त्यांबरोबर अध्यक्षपदही बुश यांच्याकडे गेले. देशभरात मात्र गोर यांची मते पाच लाखांहून अधिकने जास्त होती.

भारतात मतदान निवडणूक आयोगाच्या देखरेखीखाली सर्वत्र एकाच पद्धतीने होते. इथे ते राज्याच्या कायद्यानुसार प्रत्येक काउंटी, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग, घेते आणि फ्लोरिडात अशा 67 काउंट्या आहेत. पाम बीच काउंटीने त्या वर्षी उमेदवारांची नावे मतपत्रिकेच्या दोन्ही बाजूंना छापून, मत देण्यासाठी कार्डावर पाडायची छिद्रे मधोमध ठेवली होती. डाव्या बाजूला बुश यांच्याखाली गोर यांचे नाव दुसरे होते, पण दुसरे छिद्र उजवीकडच्या पॅट ब्युकॅनन या तिसऱ्या पक्षाच्या उमेदवाराचे होते. गोर यांचे छिद्र तिसरे होते. ब्युकॅनन यांना त्या काउंटीत 3,407 मते मिळाली, आणि एकाहून अधिक छिद्रे पाडल्यामुळे बाद झालेल्या मतपत्रिका सुमारे 19,000 होत्या. त्या मतदारांचे मला आजही वाईट वाटते.

मतांची फेरमोजणी करताना काही काउंट्यांत अर्धवट टोचलेल्या कार्डाला लोंबकळत राहिलेला कागदाचा कपटा मत मानावा की नाही, हे अधिकारी कार्ड उजेडासमोर धरून ठरवत, आणि त्याचे निकष काउंटीगणिक वेगळे होते. याच विसंगतीवर बोट ठेवून अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 12 डिसेंबरला पाच विरुद्ध चार अशा बहुमताने फेरमोजणी थांबवली. त्या वेळी जॉर्ज बुश यांचे बंधू राज्याचे गव्हर्नर होते आणि निकाल प्रमाणित करणाऱ्या राज्य सचिव जॉर्ज बुश यांच्या राज्यातल्या प्रचाराच्या सहप्रमुख होत्या, ही गोष्ट लोक विसरलेले नाहीत. पुढच्याच वर्षी राज्याने छिद्रांच्या मतपत्रिका कायद्याने बंद केल्या.

आता आपल्यापुरते. वाहन परवाना काढताना आपल्याला मतदार नोंदणीबद्दल विचारले जाईल, तेव्हा स्पष्ट नकार द्या आणि सही करण्यापूर्वी अर्जातला प्रत्येक रकाना वाचा, कारण नागरिक नसताना नोंदणी केल्यास प्रकरण हद्दपारीपर्यंत जाऊ शकते. मतदानाचा हक्क नसला तरी काउंटीच्या आणि शाळा मंडळाच्या बैठका फ्लोरिडाच्या कायद्याने सर्वांना खुल्या असतात. मुलांची शाळा, रस्ते आणि घरपट्टी यांचे निर्णय तिथेच होतात, म्हणून घर कोणत्या काउंटीत घ्यायचे हे ठरवण्यापूर्वी त्या बैठकांची कार्यक्रमपत्रिका अवश्य वाचा.