खोकला आला तर?

मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढे ढकलणाऱ्या माणसाला घरचे माझ्याकडे, म्हणजे समुपदेशकाकडे आणतात, तेव्हा त्यांची तक्रार ठरलेली असते: ‘डॉक्टरांनी सगळं समजावलं, तरी ऐकत नाहीत.’ आणि त्या माणसाचा वरवरचा प्रश्नही ठरलेला: ‘नजर गेली तर?’ जळगाव-धुळ्याकडे हे इतकं ऐकलंय की एकदा लिहावंसं वाटलं.

अमळनेरकडचे एक आप्पा. (ओळखीचे तपशील बदलले आहेत.) आधी आखाजी (अक्षय्य तृतीया) होऊ दे, मग पेरणी, मग कापूस वेचणी. मधूनच ‘अजून पिकला नाही.’ शेवटी मोटारसायकल बांधावर घातली, तेव्हा मुलगा घेऊन आला.

सोपी गाठ आधी सोडवली. मोतीबिंदू पिकायची वाट बघायचे दिवस गेले. रोजच्या कामात अडायला लागलं की काढतात. फार पिकू दिला तर कडक होतो, ऑपरेशन अवघड होतं, कधी डोळ्यातला दाबही वाढतो. हिवाळाच हवा असंही नाही. आप्पांनी मान डोलावली. अशी मान मी पुष्कळ पाहिली आहे. पटलेला माणूस तशी डोलावत नाही.

भीतीची समजूत घालण्यावर माझा विश्वास नाही. मी तिला पुढचं वाक्य विचारते.

‘समजा, गेलात ऑपरेशनला. मग?’

‘आडवं पाडतीन.’

‘मग?’

‘डोयात औजार टाकतीन.’

‘मग?’

बराच वेळ गप्प. मग मुलाकडे न बघता म्हणाले, ‘आन् माले खोकला उना ते?’

वर्षानुवर्षांची बिडी, रात्रभराचा खोकला. आपण खोकलो, डोकं हललं आणि डोळा गेला तर दोष आपलाच, हे त्यांच्या मनात घर करून होतं. घरात मात्र जो तो ‘काही होत नाही’ म्हणत होता. या वाक्याने धीर येत नाही, विचारणाऱ्याचं तोंड बंद होतं. हा नेमका प्रश्न बाहेर यावा म्हणून मी इतकी वर्षं या खुर्चीत बसते, आणि तो येतो, हे सांगायला मला संकोच वाटत नाही.

खोकल्याला उत्तर असतं. डॉक्टरांना आधी सांगायचं. खोकल्यावर उपचार करून मग तारीख घेता येते. थेंबांनी किंवा इंजेक्शनने डोळा बधिर करतात, माणूस बहुधा जागाच असतो, त्यामुळे खोकला दाटला तर न हलता बोलायचं. डॉक्टर हत्यार बाजूला घेतात. पापण्यांना चिमटा असतो, तेव्हा डोळा मिटेल ही चिंता नको. छेद जेमतेम २-३ मिलिमीटरचा, बहुतेकदा टाका नाही. गुंतागुंत नसेल तर काम १५-२० मिनिटांचं.

मग सरावासाठी आप्पांना बाकावर झोपवलं, तोंडावर टॉवेल टाकला. ‘डॉक्टर, खोकला येतोय.’ पहिल्यांदा पुटपुटले. पुढे इतक्या मोठ्याने म्हणाले की बाहेरच्या माणसाने डोकावून पाहिलं. आप्पा टॉवेलखाली हसत होते. तिथे माझं काम झालं.

मोतीबिंदू काढून आत बसवतात ती काच, म्हणजे कृत्रिम भिंग, टोचेल का, हेही त्यांनी विचारलं. विमानाच्या फुटलेल्या छताचे अ‍ॅक्रिलिकचे कण वैमानिकांच्या डोळ्यांत राहूनही डोळा ते सहन करतो, हे हॅरोल्ड रिडली या इंग्रज डॉक्टरांनी महायुद्धात पाहिलं आणि १९४९ साली तशाच पदार्थाचं भिंग बसवलं. भिंग जन्मभर राहतं. गोष्ट आप्पांना इतकी आवडली की गावात सांगत फिरले.

मधुमेह, रक्त पातळ करणारी गोळी, लघवीच्या त्रासाची गोळी, हे सगळं डॉक्टरांना आधी सांगा. मनाने काही बंद करू नका.

ऑपरेशननंतर थोडे दिवस डोळ्यात खडा गेल्यासारखं वाटतं, पाणी येतं, उजेड खुपतो. थेंब साधारण महिनाभर. डोळा चोळायचा नाही, डोक्यावरून पाणी, धूळ आणि ओझं टाळायचं, रात्री कवच लावायचं. रंग बदलतात, याची कोणी कल्पना देत नाही: आप्पांनी सदऱ्याला नीळ जास्त घातली म्हणून सुनेला बोल लावले! डोळ्याचं मूळचं, पिवळसर झालेलं भिंग गेलं की पांढरं निळसर दिसतं. दुखणं वाढलं, लाली वाढली, नजर कमी झाली, चमका दिसल्या किंवा पडदा आल्यासारखं झालं, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांकडे. पुढे काही महिन्यांनी, वर्षांनी पुन्हा धूसर झालं तर मोतीबिंदू परतला असं समजू नका. भिंगामागची पातळ पिशवी गढूळ होते, ती लेझरने साफ करतात.

वाचायला चष्मा बहुतेकांना लागतो. दुसरा डोळा सहसा वेगळ्या दिवशी करतात. त्या दिवशीही खोकल्याचं नव्याने सांगायचं, डॉक्टर तेच असले तरी.