वाचकांचे प्रश्न : हाफिज, शिराझ आणि अर्ध्यावर सोडलेला समुद्रप्रवास

प्रश्न : चौदाव्या शतकातील फारसी कवी हाफिज याच्या प्रेमजीवनावर मी ऐतिहासिक कादंबरी लिहीत आहे. शाख-ए-नबात ही त्याची प्रेयसी खरोखर होऊन गेली का? बहामनी सुलतानाने त्याला दख्खनला बोलावले होते असे वाचले. कथानकासाठी मी त्याला गोव्याच्या बंदरात उतरवले तर चालेल का?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : शाख-ए-नबात होऊन गेली, असे सांगणारा समकालीन पुरावा नाही. आपल्या शब्दांतून पाझरणारे माधुर्य हे धीर धरल्याचे फळ आहे, अशा अर्थाच्या हाफिजच्या एका शेरात खडीसाखरेच्या कांडीचा उल्लेख येतो आणि पुढच्या काळातील लोककथेने त्या कांडीचीच एक सुंदर स्त्री केली. रोट्या पोचवणाऱ्या तरुणाने श्रीमंतांच्या वस्तीत तिला पाहणे, तिच्यासाठी बाबा कुही या सूफी संताच्या कबरीपाशी चाळीस रात्री जागणे, हे सारे त्या कथेतलेच आहे. कादंबरीकाराला ती वापरण्याची मुभा आहे. तरीही आपण ती वापरू नये, असे मला मनापासून वाटते.

ज्या व्यक्तीमुळे आपले घर परीचे निवासस्थान झाले होते ती गेली, असा शोक करणारी हाफिजची एक गझल आहे आणि परंपरेने ती त्याच्या पत्नीच्या मृत्यूवरची मानली जाते. दुसऱ्या एका गझलेत मुलाच्या मृत्यूचे दुःख आहे, असेही मानतात. आपली नायिका मला या घरात दिसते. १३५३ साली मुझफ्फरी घराण्याच्या मुबारिझुद्दीनने अबू इसहाक इंजू या राज्यकर्त्याकडून हाफिजचे शहर शिराझ घेतले, मद्यालये बंद केली आणि शहरावर कडक धर्माचरणाचा पहारा बसवला. हाफिजच्या गझलांतला मोहतसिब, म्हणजे लोकांच्या वागण्यावर नजर ठेवणारा अधिकारी, याच वातावरणातला आहे. ज्याचा नवरा मद्यावर आणि ढोंगी धर्मनिष्ठांवर शेर रचतो त्या घरातील स्त्रीला दारावरची प्रत्येक थाप कशी ऐकू येत असेल, याचा विचार आपण करावा, कारण प्रेमाची कसोटी त्या भीतीत लागते. १३५८ मध्ये शाह शुजाने आपल्याच बापाला, म्हणजे मुबारिझुद्दीनला, पदच्युत करून आंधळे केले आणि शिराझ मोकळा श्वास घेऊ लागले. त्या मोकळेपणात रुक्नाबादचा झरा आणि मुसल्ल्याची बाग आणावी.

आता गोव्याविषयी. दुसरा मुहम्मदशहा बहामनी (राज्यकाल १३७८–१३९७) याच्या दरबारातून मीर फझलुल्ला इंजू याने आमंत्रण आणि वाटखर्च पाठवला, हाफिजने त्यातले बरेचसे पैसे आप्तांना देऊन आणि कर्ज फेडून संपवले, लार गावी उरलेले एका नाडलेल्या मित्राला दिले, दोन व्यापाऱ्यांच्या मदतीने तो इराणी आखातावरच्या होर्मुझ बंदराला पोचला आणि गलबतावर चढल्यावर वादळ उठताच उतरून परत फिरला, अशी हकीकत इतिहासकार फिरिश्ता सांगतो. फिरिश्ता विजापूरला बसून दोनशेहून अधिक वर्षांनी लिहीत होता, म्हणून तिच्याकडे जपूनच पाहावे. ती खरी धरली तरी गोव्यावर त्या सुमारास विजयनगरची सत्ता होती. बहामनी सुलतानाच्या पाहुण्याचे गलबत दाभोळ किंवा चौलकडे निघाले असते. तेव्हा कवीला इथे उतरवू नये. त्याने होर्मुझहून मीर फझलुल्लाला गझल पाठवली, लाभाच्या आशेने समुद्राचे दुःख आधी सोपे वाटले, पण या वादळापुढे शंभर मोतीही कमी पडतात, असे तीत म्हटले आहे. होर्मुझहून घोडे घेऊन येणारी गलबते मात्र जुवारीच्या काठच्या गोपकपट्टणाला येत असत, म्हणून ती गझल एखाद्या सौदागराच्या तोंडून आपल्या बंदरात पोचवावी. तिथे काजू, मिरची किंवा तंबाखू मात्र येऊ देऊ नये, कारण या वस्तू पोर्तुगीजांच्या काळातल्या आहेत. शिराझ त्याला का सोडवले नाही, हे सांगणे कादंबरीकाराचे काम आहे आणि त्या रिकाम्या झालेल्या घरापासून तुम्ही सुरुवात केलीत तर ते तुम्हाला सांगता येईल.

प्रश्न : कादंबरीत हाफिजची प्रेयसी त्याच्याच दिवाणातून, म्हणजे गझलसंग्रहातून, फाल, म्हणजे शकुन, पाहते असे दाखवता येईल का?
— एक वाचक, डिचोली

उत्तर : नाही. विखुरलेल्या गझला एकत्र करून दिवाण तयार करण्याचे श्रेय परंपरेने मुहम्मद गुलंदाम या त्याच्या स्नेह्याला दिले जाते आणि ते काम हाफिजच्या मृत्यूनंतरचे, म्हणजे सुमारे १३९० नंतरचे आहे. हुमायून आणि जहांगीर या मोगल बादशहांनी दिवाणातून शकुन पाहिल्याच्या त्यांच्या हस्ताक्षरांतील नोंदी असलेली प्रत पाटण्याच्या खुदाबक्ष ग्रंथालयात आहे; तो प्रसंग हवाच असेल तर कथा त्या काळापर्यंत न्यावी लागेल.