मक्याचा ओलावा कोण मोजणार?

प्रश्न : आम्ही खानापूर तालुक्यातले. २०२५-२६ चा मक्याचा हमीभाव क्विंटलला २४०० रुपये, पण व्यापारी ओलावा सांगून सतराशेच देतो. शेतकऱ्यांचा संघ काढून फरक पडेल का?

उत्तर : दादा, पडेल. माझ्याही पोत्यात व्यापाऱ्यानं मूठ घातली, ‘ओला आहे’ म्हणाला आणि मी गप्प बसलो. तुम्ही बसू नका. सरकारी खरेदीत १४ टक्क्यांपर्यंत ओलावा चालतो. मोजायचं यंत्र वर्गणीतून घ्या; खळ्यावरच आकडा दिसला की मुठीचा अंदाज चालत नाही. संघासाठी दहा शेतकरी मिळूनही उत्पादक कंपनी, म्हणजे शेतकऱ्यांच्याच मालकीची कंपनी, नोंदवता येते. ट्रकभर माल एकत्र करून थेट पशुखाद्य कारखान्याशी बोला. ताडपत्र्या मात्र आधी घ्या, आपल्याकडच्या परतीच्या पावसात कणसांना बुरशी धरते.